परसबागेतील तण : ओळख, वेळ आणि बंदोबस्त

मृगाचा पाऊस पडून शाळा सुरू झाल्या म्हणजे परसबागेचा उत्साह सर्वत्र दिसू लागतो. मुले घरून बी आणतात, वाफे पाडले जातात, कुंपणावर दोडक्याचे व कारल्याचे वेल चढविले जातात. परंतु श्रावण सरून गणपती आले की त्याच वाफ्यांकडे पाहवत नाही. मेथी कोठे पेरली होती ते सांगता येत नाही, भेंडीच्या बुंध्याशी हरळीचे जाळे झालेले असते आणि मिरचीच्या रोपापेक्षा गाजरगवत उंच गेलेले असते. बाग पावसाने गेली, किडीने गेली, असे मग म्हटले जाते. वस्तुतः पुष्कळ वेळा ती पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यातच हातची गेलेली असते. गणपतीत ती फक्त डोळ्यांना दिसते. यात नुसती भाजी बुडते असे नाही. ज्या मुलाने आपल्या हाताने बी टोकले, त्याची 'आपल्या हातून काही पिकत नाही' अशी समजूत होऊन बसते आणि ती पुढे काढणे कठीण जाते. सबब तणाचा विषय परसबागेच्या पाठांत शेवटी न ठेवता पेरणीच्या आधी घ्यावा. चौथी व त्यापुढील वर्गांना हा पाठ शाळेच्या बागेत देता येईल. मात्र मुलांनी तो घरच्या परसात करून पाहावा, हा त्याचा खरा हेतू आहे.

तण कशाला म्हणावे

तण ही वनस्पतीची जात नव्हे. जेथे आपणास नको तेथे, नको त्या वेळी उगवलेली वनस्पती म्हणजे तण. चाकवत हे याचे चांगले उदाहरण आहे. एका वाफ्यात ते भाजी म्हणून मुद्दाम पेरतात आणि शेजारच्या गव्हात आपोआप उगवलेले उपटून टाकतात. घोळ, चिवळ, तांदुळजा, कुरडू, टाकळा, पाथरी ही पावसाळ्यात आपोआप येणारी झाडे कित्येक घरांत आवडीने खाल्ली जातात. यांतील कोणती भाजी घरी होते, कोणत्या महिन्यात होते आणि तिचा कोणता भाग घेतात, हे मुलांनी आजीला विचारून वहीत लिहून आणावे. मात्र वर्गमित्राने ओळखली म्हणून कोणतीही पालेभाजी तोंडात घालू नये. घरातील जाणत्या माणसाने ओळखल्यावाचून खाऊ नये, हे त्याच दिवशी बजावावे.

तण काढण्याच्या कामाला आपल्याकडे कोठे खुरपणी, कोठे निंदणी, कोठे भांगलण, तर कोकणात बेणणी म्हणतात. ज्या गावात जो शब्द चालतो तोच पाठात वापरावा. पुस्तकातील शब्दासाठी मुलाच्या घरचा शब्द खोडून काढण्याचे कारण नाही.

तण भाजीचे पाणी, खत व ऊन घेते, इतके सर्वांना ठाऊक असते. परंतु ते केव्हा घेतलेले अधिक बाधते, याकडे फारसे लक्ष जात नाही. भेंडी, मिरची, टोमॅटो, वांगी यांच्या पहिल्या चार ते सहा आठवड्यांत रोप लहान असते, मुळे वरच्या थरात असतात आणि पानांची सावली जमिनीवर पडत नाही. या मुदतीत वाफा स्वच्छ राहिला तर पुढे रोपच आपल्या सावलीने तणाला दाबते. भोपळ्यासारखा वेल एकदा पसरला की त्याच्याखाली फारसे काही वाढत नाही. कांद्याची गोष्ट निराळी. त्याची पात अरुंद व उभी असते, ती जमीन कधीच झाकत नाही. म्हणून कांद्याच्या वाफ्याला अधिक काळ जपावे लागते. शिवाय भेंडीची पाने पिवळी करणारा केवडा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि ही माशी कित्येक तणांवरही राहते. तेव्हा वाफा स्वच्छ करून कडेचे गवत तसेच ठेवणे हे अर्धेच काम होय.

हे मुलांना सांगण्यापेक्षा दाखविणे बरे. भेंडीचे तीन सारखे वाफे करावेत. पहिला शेवटपर्यंत खुरपावा. दुसरा फक्त पहिला सव्वा महिना खुरपावा व मग सोडून द्यावा. तिसरा पहिला सव्वा महिना तसाच ठेवून त्यानंतर खुरपू लागावे. तिन्ही वाफ्यांची भेंडी प्रत्येक तोडणीला निरनिराळी तोलून फळ्यावर वजने लिहावीत. दुसरा वाफा बहुधा पहिल्याच्या पुष्कळ जवळ राहतो आणि तिसऱ्यावर नंतर कितीही मेहनत केली तरी तो मागेच राहतो. गणिताच्या तासाला बेरीज व सरासरी यांसाठी याहून चांगले आकडे कोठे मिळणार?

मातीत साठलेले बी

'मागच्या वर्षी सगळे तण काढले होते, मग यंदा आले कोठून?' हा प्रश्न मुले विचारतातच. न विचारल्यास शिक्षकांनी विचारावा. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये २० बाटल्यांत ओलसर वाळू भरली, प्रत्येकीत २१ जातींच्या वनस्पतींचे प्रत्येकी ५० दाणे मिसळले आणि त्या बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक एक बाटली उकरून तिच्यातील बी पेरावयाचे, असा तो प्रयोग आहे. बील वारले तरी त्यांच्यामागून आलेल्यांनी तो चालू ठेवला. २०२१ मध्ये उकरलेल्या बाटलीतील काही बी १४२ वर्षांनंतरही उगवले. सर्वच तणांचे बी इतके टिकाऊ नसते. परंतु आपल्या वाफ्यातही अनेक वर्षांचे बी निजलेले आहे, एवढे यावरून ध्यानात यावे.

हे बी जागे होते ते बहुधा उजेडाने. कित्येक तणांच्या बारीक बियांना उगवण्यास उजेडाचा स्पर्श लागतो. खोल खणले की खालचे बी वर येते, त्याला ऊन व ओल मिळते आणि आठ दिवसांत वाफा हिरवा होतो. प्रयोग सोपा आहे. बागेतील माती दोन पसरट भांड्यांत दोन बोटे जाडीने पसरावी व दोन्हींना सारखे पाणी द्यावे. एक उघडे ठेवावे, दुसरे काळ्या कापडाच्या घड्यांनी पूर्ण झाकावे. दोन आठवड्यांनी दोन्हींतील रोपे मोजावीत. संख्येतील फरक पाहून मुले स्वतःच तर्क करू लागतात.

या स्वभावाचा उपयोग पेरणीपूर्वी करून घेता येतो. वाफा पूर्ण तयार करावा, परंतु बी लगेच पेरू नये. पाऊस नसल्यास हलके पाणी द्यावे. दहा-बारा दिवसांत जे तण उगवेल, ते खुरप्याने अगदी वरवर, अर्ध्या इंचाहून खोल न जाता, खरडून काढावे आणि मग माती पुन्हा न हलवता भाजीचे बी टाकावे. वरच्या थरातील पुष्कळ बी अशा रीतीने संपलेले असते आणि खालचे खालीच निजून राहते. ही दहा दिवसांची वाट पाहणे मुलांना जड जाते, कित्येक शिक्षकांनाही जाते. परंतु संपूर्ण हंगामातील निम्मी दगदग तेथेच वाचते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लव्हाळा आणि हरळी

आतापर्यंत सांगितले ते बियांपासून येणाऱ्या तणांविषयी. जमिनीखालच्या गाठींपासून किंवा कांड्यांपासून येणाऱ्या तणांना हा उपाय लागू पडत नाही. त्यांत लव्हाळा प्रमुख होय. जगातील तणांचा आढावा घेणारा होम व त्यांचे सहकारी यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लव्हाळ्यास सर्वांत वाईट तण म्हणून पहिले स्थान दिलेले आहे. दिवाळीच्या उटण्यात पडणारा सुवासिक नागरमोथा या घराण्यातलाच.

लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. त्याचा फुलोऱ्याचा दांडा बोटांत धरून फिरविला तर तीन कडा लागतात. गवताची काडी गोल लागते. डोळे मिटून बोटांनी ओळखण्याचा हा खेळ लहान मुलांना फार आवडतो. त्यानंतर एक झाड मुळासकट, भोवतालच्या वीतभर मातीसह खणून काढावे आणि बादलीत पाण्याने हळूहळू धुवावे. काळपट गाठी बारीक दोऱ्यांनी एकमेकींस जोडलेल्या, माळेसारख्या दिसतील. मुलांनी हे चित्र वहीत काढावे. वरून उपटले की पाला हातात येतो व गाठ जमिनीतच राहते, हे ते चित्र एकदा काढल्यावर वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

गाठीवर अनेक डोळे असतात; एक कोंब तुटला की दुसरा निघतो. परंतु प्रत्येक कोंबासाठी गाठीतील शिदोरी खर्च होते. कोंब उगवल्यानंतर साधारण तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात. म्हणून लव्हाळा महिन्यातून एकदा काढणे व न काढणे यांत फारसे अंतर नाही. दर पंधरवड्यास काढला तरच तो थकतो. ओली जमीन खोल खणून गाठी तोडू नयेत. माळ तुटली की तुटलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र झाड होते.

हरळीचेही असेच. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, आणि म्हणून काही घरांत ती काढावयास मोठी माणसे नाखूष असतात. त्यांच्यासाठी बागेच्या एका कोपऱ्यात, वाफ्यापासून दूर, दूर्वेचा लहान चौकोन विटा लावून राखून ठेवावा. वाफ्यातील हरळी मात्र कुदळीने तोडू नये. तिच्या धावत्या दांड्याच्या प्रत्येक पेरापासून नवे मूळ फुटते. माती सैल करून दांडा टोकापर्यंत ओढून काढावा व दगडावर किंवा पत्र्यावर कडक वाळवावा.

भाजीचे रोप कोणते

तण काढताना मुले पहिल्या दिवशी भाजीच उपटतात. यावर रागावण्यात अर्थ नाही, कारण उगवतीला सर्वच रोपे त्यांना सारखी दिसतात. एकच गोष्ट करावी : ज्या दिवशी वाफ्यात बी पडेल, त्याच दिवशी त्याच बियांचे दहा-बारा दाणे चाळलेल्या मातीच्या कुंडीत टाकावेत आणि कुंडी वर्गाच्या दाराशी ठेवावी. शंका आली की मुलाने कुंडीतील रोपाशी ताडून पाहावे. कोथिंबिरीची पहिली दोन पाने लांबट व अरुंद असतात आणि नंतरचे पान कातरलेले येते. मेथीचे तीन दलांचे पान सर्वांना माहीत असते. पण बीजदलांनंतर येणारे तिचे पहिले पान एकदलीच असते, त्यामुळे पुष्कळजण फसतात. कांदा वाकलेल्या दोऱ्यासारखा वर येतो. माठ आणि काटेमाठ यांची रोपे मात्र इतकी जुळी असतात की माठ फेकून न पेरता ओळीतच पेरावा.

किंबहुना परसबागेत सर्वच बी सुतळी धरून ओळीत पेरावे, म्हणजे ओळीबाहेर जे उगवले ते तण, असा सोपा नियम मुलांना देता येतो. कोथिंबीर उगवण्यास आठ-दहा दिवस व कधी अधिक घेते. तिच्या ओळीत हातभर अंतरावर मुळ्याचा एक एक दाणा टाकून ठेवला तर मुळा तीन-चार दिवसांत उगवून ओळ दाखवितो आणि त्या आधाराने मधले तण वेळेवर काढता येते.

खुरपणी कशी करावी

जमीन वाफशावर असताना खुरपावे. चिखलात खुरपल्यास माती घट्ट होते, मुलांच्या पायांनी वाफा तुडवला जातो आणि निघालेले तण पुन्हा मूळ धरते. उघडीप मिळेल त्या सकाळी काम केले तर उपटलेले तण दुपारच्या उन्हात सुकते. खुरपे मातीत तिरपे व वरवर चालवावे. भाजीची बारीक मुळे त्याच थरात असतात. रोपाच्या अगदी बुंध्याशी आलेले तण दोन बोटांनी रोप दाबून धरून दुसऱ्या हाताने काढावे. लहान मुलांना बोथट टोकाचे खुरपे द्यावे आणि दोन मुलांत हातभर अंतर ठेवावे.

घोळ व केना यांची विशेष काळजी घ्यावी. घोळीचे दांडे मांसल असतात. उपटून वाफ्यावर टाकलेली घोळ कित्येक दिवस हिरवी राहते आणि फुलावर आलेली असल्यास पडल्या पडल्या बी पिकविते. केना तर जमिनीखालीही फुले धरतो व तेथेच बी करतो, हे मुलांना उकरून दाखवावे. शहाणी मुलेही ते पाहून चकित होतात. ही दोन्ही तणे घमेल्यात भरून बागेबाहेर न्यावीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे. उशिरा आलेल्या किंवा गृहपाठ न केलेल्या मुलास शिक्षा म्हणून खुरपणीस लावण्याची चाल काही ठिकाणी दिसते. ती सर्वथा सोडून द्यावी. ज्या कामावर आईवडिलांचे पोट चालते ते काम शाळेत शिक्षा ठरले, तर मूल आपल्या घराकडे कोणत्या नजरेने पाहील? तसेच खुरपणी मुलींनी व पाणी मुलांनी, अशीही वाटणी नसावी. शेतातील खुरपणीचा भार बहुतांशी स्त्रियाच वाहतात. ते काम मुलग्यांच्या अंगवळणी शाळेतच पडू द्यावे. पाळी वीस मिनिटांहून अधिक लांबवू नये. रोजची वीस मिनिटे शनिवारच्या दोन तासांपेक्षा अधिक काम करतात.

गाजरगवत

गाजरगवत मुलांनी काढू नये. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील असून भारतात ते पुणे येथे १९५५ मध्ये प्रथम लक्षात आले आणि तेथून देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने व परागांनी काही माणसांच्या त्वचेला खाज व चट्टे येतात, काहींना दम्याचा त्रास होतो. एकेका झाडास हजारो बिया येतात. फूल येण्यापूर्वी, पाऊस पडून माती मऊ असताना, मोठ्या माणसांनी हातमोजे घालून व नाकातोंडाला कापड बांधून ते मुळासकट काढावे. त्याची पाने खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आले. पावसाळ्यात चाळणीसारखी खाल्लेली पाने दिसली तर त्या भुंगेऱ्यांना मारू नये. मुलांनी हे झाड दुरून ओळखावे व शिक्षकांस सांगावे, इतकेच त्यांचे काम.

आच्छादन, खत आणि औषधे

रोपे वीतभर झाली म्हणजे ओळींमधील जागा उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा वाळलेला पाला यांनी दोन ते तीन इंच झाकावी. उजेड न मिळाल्याने बियांचे तण पुष्कळ कमी येते व ओलही टिकते. बुंध्याशी मात्र चार बोटे जागा मोकळी ठेवावी. लव्हाळा आच्छादनातूनही वर येतो. तो तेवढा हाताने काढावा लागतो.

कच्चे शेणखत घातल्याने तण वाढते, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. जनावरांनी खाल्लेल्या गवताचे काही बी शेणातून जिवंत येते. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेल्या इंदूर पद्धतीत ढीग मधूनमधून उलथला जातो आणि आतील उष्णतेने तणांचे बी मरते. शाळेचा किंवा घरचा लहान खड्डा तितका तापत नाही. म्हणून त्यात फुलापूर्वी काढलेले तणच घालावे. बी धरलेले तण, लव्हाळ्याच्या गाठी व ओली हरळी कधीही घालू नये.

तणनाशक औषध परसबागेत वापरू नये. शेतात उरलेले औषध 'थोडेसे आहे, परसात मारून टाकू' म्हणून आणले जाते. २,४-डी याचे तुषार वाऱ्याने उडून टोमॅटो, वाल, भोपळा यांची पाने वेडीवाकडी करतात. ग्लायफोसेटचा वापर केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. पॅराक्वाट पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. ज्या वाफ्यातील कोथिंबीर मूल येता जाता तोडून खाते, तेथे अशा वस्तूला जागा नाही. औषधाची रिकामी बाटली पाण्यासाठी वा तेलासाठी घरात ठेवलेली आहे काय, याची चौकशी पालकसभेत अवश्य करावी. ज्या घरी ती आढळेल त्यांना चारचौघांत न बोलता सभा संपल्यावर बाजूला घेऊन सांगावे.

सुट्ट्यांमधील व्यवस्था

दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वीच्या आठवड्यात सर्व वाफे एकदा स्वच्छ करून आच्छादन पुन्हा भरावे व शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या ठरवाव्यात. आघाडा, कुरडू, काटेमाठ यांचे बी याच सुमारास पिकते. काही जमले नाही तरी निदान तुरे कापून न्यावेत.

उन्हाळ्याची सुट्टी ही लव्हाळ्यावर घाव घालण्याची खरी वेळ होय. एप्रिलमध्ये वाफ्याचे पाणी पूर्ण तोडावे. माती कोरडी झाल्यावर वीतभर खोल खणून ढेकळे तशीच उन्हात पडू द्यावीत व आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा उलथावीत. गाठी कोरड्या उन्हात सुकल्या तरच मरतात. या काळात एकदा जरी पाणी सुटले तरी मेहनत वाया जाते. ओल्या वाफ्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे ताणून जमीन तापविण्याची रीतही आहे. तिने बियांचे तण पुष्कळ मरते, लव्हाळा मात्र बहुधा वाचतो. तेव्हा ज्या वाफ्यात लव्हाळा आहे तेथे खणणेच बरे. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर आठ-दहा दिवसांनी जे कोंब वर येतील ते राहिलेल्या गाठींचे असतात. त्या जागी काड्या खोचून ठेवाव्यात, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांना कोठे खणावयाचे ते नेमके कळते.